बर्फाचं वजन

मीठ संपलं म्हणून एर्सिरा वाचली.

ऑगस्टमधली, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातली सकाळ होती. तीन दिवस सलग पडलेला बर्फ थांबून ऊन आलं होतं, म्हणून ती चीजघरात जाऊन चीजचे गोळे उलटे करत होती. डब्यातलं मीठ तळाला गेलं, तशी ती घरात आणायला आली. चुलीवर किटली गरमच होती, म्हणून उभ्याउभ्या माते नावाच्या कडवट चहाचे दोन घोट घेतले. तेवढ्यात मागे कुणीतरी लाकडांनी भरलेली गाडी एकदम रिकामी करावी तसा आवाज झाला. दोघी बहिणी धावत बाहेर आल्या, तर चीजघर होतं तिथे नुसतं छप्पर उरलं होतं. खुडूक कोंबडी बसावी तसं ते जमिनीवर पसरून बसलं होतं. त्याच्याखाली चीजचे सत्तर-पंचाहत्तर गोळे, आणि जिथे एर्सिरा दोन मिनिटांपूर्वी उभी होती ते टेबल.

एर्सिरा रडली नाही, ओरडली नाही. हातातली मिठाची पिशवी पायरीवर ठेवली आणि म्हणाली, "आजपासून मी कुठल्याही पडवीत, गोठ्यात, खोपटात पाय ठेवणार नाही. घर म्हणजे घर. बाकी सगळं तुझं तू बघ."

थोरल्या बहिणीने, उबेर्लिंदाने, पिशवी उचलून आत नेली. तिला आपल्या बहिणीचा स्वभाव माहीत होता. एर्सिरा उगाच काही बोलत नसे, आणि बोलली की बोललीच.

एस्तेरो ब्लांको गावात मान्सिया बहिणींचं चीज म्हणजे एर्सिराचं चीज, हे सगळ्यांना ठाऊक होतं. उबेर्लिंदा गाई बघायची, कुंपण बघायची, चीज बाजारात पोचवायची. पण दूध विरजायचं, दाबायचं, खारवायचं, महिनोन्‌महिने रोज उलटं करायचं, ही सगळी एर्सिराच्या हाताची कला. उबेर्लिंदाचं हुन्नर वेगळं होतं. बावीस उन्हाळे तिने मोठ्या मेंढवाड्यावर लोकरीचं वजन करायचं काम केलं होतं. कातरणीच्या दिवसांत लोकरीचे गठ्ठे तिच्या काट्यावर चढायचे आणि तिने सांगितलेला आकडा मालकही मानायचा, मजूरही मानायचा. तिला सवयच लागली होती: वजन केल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.

गावकरी मदतीला आले. फावडी घेऊनच आले होते बिचारे. सगळ्यांत पुढे सोफानोर चिग्वाय मिस्त्री. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची, आणि पडलेलं चीजघरही त्याचंच. पाच वर्षांपूर्वी त्यानेच उभारलं होतं. टोपी हातात घेऊन तो म्हणाला की असा बर्फ त्याने उभ्या जन्मात पाहिला नाही, याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आता सगळं उचलून टाकू आणि वसंतात याहून जाड लाकडाचं नवं बांधून देतो.

उबेर्लिंदाने सगळ्यांना माते पाजला, तळलेल्या पुऱ्या खाऊ घातल्या आणि परत पाठवलं. ढिगाऱ्याला कुणी हात लावायचा नाही, असं तिने स्पष्ट सांगितलं. लोकांना वाटलं, बाईला धक्का बसलाय.

दुसऱ्या दिवशी ती रॉकेलचा चौकोनी डबा घेऊन अंगणात गेली. दोन्ही बाजूंनी पत्रा कापून तिने तो आरपार मोकळा केला होता. खरवसवाली वडी कापते तसा तो डबा बर्फात दाबायचा, आतला बर्फ पोत्यात काढायचा, आणखी खाली दाबायचा, असं करत जमीन लागेपर्यंत जायचं, आणि मग ते पोतं लोकरीच्या काट्याला टांगायचं. पडलेल्या चीजघराशेजारी तिने असं केलं, तेव्हा काटा एकवीस किलोवर थांबला. मग ती वीस पावलं लांब, उघड्या माळावर गेली. तिथे त्याच डब्यात सहाच किलो भरला. तिने पुन्हा केलं. पुन्हा सहा.

एर्सिरा खिडकीतून हे बघत होती. संध्याकाळी जेवताना तिने विचारलं, "बर्फ विकायला काढलायस का?"

"त्याचं वजन करतेय," उबेर्लिंदा म्हणाली. "एवढ्या जवळजवळच्या दोन जागा, आणि वजनात तिपटीहून जास्त फरक. का, ते कळलं पाहिजे."

का, ते कळायला तिला पुढचा बर्फ पडावा लागला. ती दारात खुर्ची टाकून नुसती बघत बसली. वारा नेहमीसारखा पश्चिमेकडून, तळ्यावरून येत होता. तो घरावर आपटायचा, वरून उडी मारायचा, आणि घराच्या पाठीमागे जिथे त्याचा जोर मरायचा तिथे हातातला सगळा बर्फ टाकून द्यायचा. वर आणखी घराच्या उंच छपरावरून साचलेला बर्फ घसरून खाली पडायचा, तोही तिथेच. बापाने आणि सोफानोरने चीजघर मुद्दाम घराच्या पाठीशी बांधलं होतं, वाऱ्यापासून आडोसा मिळावा म्हणून. आडोसा मिळाला होता खरा, पण वाऱ्याने आपलं सगळं ओझं उतरवायची जागाही तीच होती.

ऑक्टोबरात बर्फ वितळला तेव्हा ढिगारा उघडा पडला. उबेर्लिंदा गुडघ्यावर बसून एकेक लाकूड बघत गेली. तिला वाटलं होतं, वासे मोडलेले सापडतील. एकही मोडला नव्हता. आठच्या आठ वासे सरळ, धड, पुन्हा वापरता येतील असे. मोडलं काहीच नव्हतं; खिळे तेवढे उपसून आले होते. दोन्ही बाजूंच्या भिंती बाहेरच्या अंगाला पडल्या होत्या, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे, मधे बसलेल्या माणसाने दोन्ही कोपरांनी शेजाऱ्यांना ढकलावं तशा.

तिने सोफानोरला निरोप धाडला. तो आला, आणि आल्या आल्या पुन्हा जाड लाकडाचं बोलू लागला. चार इंची वासे घालू म्हणाला, पाच इंची घालू म्हणाला.

उबेर्लिंदाने एक वासा उचलून त्याच्या हातात दिला. "मिस्त्री, हा कुठे मोडलाय दाखवा."

सोफानोरने वासा फिरवून पाहिला. दुसरा उचलला. तिसरा उचलला. मग तो भिंतीच्या वरच्या तुळईपाशी गेला आणि खिळ्यांच्या भोकांवरून अंगठा फिरवत बराच वेळ उभा राहिला. साठीतला माणूस, दाढी पांढरी, बोटांना कायम राळेचा वास. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला ते उबेर्लिंदाने पाहिलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"भिंतींना आतून धरून ठेवायला काही नव्हतं," तो शेवटी म्हणाला. "आडवी तुळई घालायला हवी होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. तुमचे वडील म्हणाले, डोक्याला लागते, नको. मी म्हटलं, बरं."

"हो. मी होते तेव्हा."

"मला कळायला हवं होतं."

ते खरंच होतं. सोफानोरने टोपी घातली आणि तो निघून गेला. त्या आठवड्यात तो परत आला नाही. लोक म्हणाले, दुखावलाय. एर्सिराने बहिणीला सुनावलं की गावात एकच चांगला मिस्त्री, त्यालाही तू पळवून लावलास. आता तुझ्या काट्यालाच घर बांधायला सांग.

इकडे गाई व्यायल्या होत्या. दुधाला पूर आला होता आणि चीज करणारी हात बांधून बसली होती. स्वयंपाकघरात एवढं दूध मावेना. उबेर्लिंदाने स्वतः चीज करून पाहिलं. एर्सिराने एक तुकडा चाखला, नीट चावला, आणि म्हणाली, "कुत्र्याला दे. पण आधी त्याला विचार."

नवव्या दिवशी बैलगाडीचा आवाज आला. सोफानोर गाडीवर उभा होता आणि गाडीत सायप्रस झाडाच्या लाकडाचे आठ खांब होते, दक्षिणेच्या बेटांवरून येतात तसले, ओल्या मातीत पन्नास वर्षं राहिले तरी न कुजणारे. तो उतरला आणि नमस्कार-चमत्कार न करताच बोलू लागला.

"मी गावात फिरून मोजलं. अशी अकरा बांधलीयत मी. अकरा, उबेर्लिंदाबाई. कुणाची लाकडाची पडवी, कुणाचा कोंबड्यांचा खुराडा, शाळेचं सरपणघर. एकातही आडवी तुळई नाही."

"मग?"

"मग काय. तुमचं आधी करू, तिथे मी शिकतो. नंतर एकेकाकडे जाऊन करतो. हिवाळ्याआधी अकराही व्हायला पाहिजेत."

"लोकांना काय सांगणार?"

"जे झालं ते सांगणार." तो खांब उतरवायला वळला. "दुसरं काय सांगू? लाकूड कच्चं होतं म्हणू?"

त्या क्षणापासून उबेर्लिंदाला तो माणूस आवडला. आधी तिला तो फक्त माहीत होता.

जागेवरून दोघांचं पहिलं भांडण झालं. तिला चीजघर वीस पावलं लांब, उघड्या माळावर हवं होतं, जिथे बर्फ सहा किलोचाच भरला होता. सोफानोरने डोक्याला हात लावला. तिथे वारा घोड्यावरून माणूस खाली उतरवतो, तिथे टोपलीएवढं खोपटं कसं टिकणार? ती म्हणाली की बर्फाचं मी बघते, वाऱ्याचं तुम्ही बघा. तुमचे वडील होड्या बांधायचे, तुम्हाला वारा माझ्याहून जास्त कळतो.

ही गोष्ट सोफानोरला बरोबर लागली. तो दोन दिवस तळ्याच्या दिशेने तोंड करून विचार करत बसला आणि मग त्याने आखणी केली. अरुंद बाजू पश्चिमेला करायची, होडीचं नाक लाटेला करतात तशी. आठ खांब जमिनीत हातभर नाही, मांडीभर खोल गाडायचे, आणि प्रत्येकाच्या तळाशी आडवं लाकूड ठोकून वर दगड भरायचे, म्हणजे खांब उपटायचा तर वाऱ्याला ते दगडही उचलावे लागतील. चारी कोपऱ्यांत तिरपे ठेपे, दोन्ही दिशांना, खाचा पाडून बसवलेले. आणि छपराचा प्रत्येक वासा खांबाच्या तुळईला लोखंडी पट्टीने बांधायचा, नुसत्या खिळ्याने नाही.

"वारा नुसता ढकलत नाही," तो तिला समजावून सांगायचा, हातातल्या करवतीने हवेत रेघा ओढत. "छपरावरून जाताना तो त्याला उचलतो. आपल्याला वाटतं छप्पर भिंतीवर बसलंय. बसलेलं नाही चालत, धरलेलं पाहिजे. वाऱ्याने पत्रा धरला तर पत्र्याने वासा धरायचा, वाशाने तुळई, तुळईने खांब, खांबाने जमीन. मधे एक जण जरी हात सोडून उभा राहिला तर सगळे गेले."

छपरासाठी त्याने आठ कैच्या केल्या, लेंगा नावाच्या तिकडच्या झाडाच्या लाकडाच्या. दोन तिरपे वासे, खाली त्यांना जोडणारी आडवी तुळई. पूर्वी एकेक वासा चांगला दोन हात लांब ठेवला होता. आता कैच्या जवळजवळ, दोन वितींवर. आडव्या तुळयांमुळे आतली उंची कमी होणार म्हणून त्याने भिंतीच उंच केल्या. डोक्याला लागायचा प्रश्न असा दहा मिनिटांत सुटला; पाच वर्षांपूर्वीही सुटला असता.

एर्सिरा रोज लांबून बघायची. माते घेऊन यायची, पण वीस पावलं अलीकडेच थांबायची आणि किटली गवतावर ठेवून हाक मारायची. फेब्रुवारीत सांगाडा उभा राहिला. कैच्यांवर आडव्या पट्ट्या ठोकून झाल्या, फक्त पत्रा घालायचा बाकी होता. त्या दिवशी उबेर्लिंदाने तिला सरळ विचारलं की आत येशील का.

"माणूस बांधतो तेव्हा सगळंच मजबूत दिसतं," एर्सिरा म्हणाली. "तेही दिसत होतं. त्यावर बर्फ पडल्यावर मला बोलाव. म्हणजे बोलावू नकोस, माझं मीच बघेन."

त्यावरून उबेर्लिंदाला कल्पना सुचली.

पुढचे दोन दिवस ती आकडेमोड करत होती. उघड्या माळावर डब्याला सहा किलो. आपण अकरा धरू, म्हणजे आजवरच्या सगळ्यांत वाईट हिवाळ्याच्या जवळजवळ दुप्पट. अठरा डबे म्हणजे एक चौरस मीटर, म्हणजे दोनशे किलो. छपराखाली चौदा चौरस मीटर. एकूण अठ्ठावीसशे किलो. मग तिने गावभर निरोप दिला: रविवारी दुपारी मेंढा भाजणार आहे, मोठ्या माणसांनी सगळ्यांनी यायचं, पण उपाशी यायचं. जेवण नंतर. आधी छपरावर बसायचं.

लोक हसत हसतच आले. तीसेक माणसं जमली. लोकरीचा काटा तिने गोठ्याच्या तुळईला टांगला होता आणि गठ्ठ्याच्या जाड कापडाची झोळी केली होती. एकेकाने झोळीत बसायचं, ती आकडा वहीत लिहायची. शाळेतल्या मास्तरीणबाई आधी तयारच होईनात. मग उबेर्लिंदाने सगळ्यांसमोर शब्द दिला की आकडा मोठ्याने वाचणार नाही, मग बाई झोळीत चढल्या. रोसामेल नावाचा बैलगाडीवाला मात्र ओरडून सांगत होता की माझा वाचा, मला काही लाज नाही. त्याचा वाचायची गरजच नव्हती. तुळई करकरली ते सगळ्यांनी ऐकलं.

बेरीज झाली एकवीसशे नव्वद. सहाशे दहा कमी पडत होते. त्यासाठी तिने वाळूच्या थैल्या भरून ठेवल्या होत्या, वीस-वीस किलोच्या, प्रत्येकाने मूल घेतल्यासारखी एक मांडीवर घ्यायची.

"आणि एकदम दोन्ही बाजूंना नाही बसायचं," सोफानोर खालून म्हणाला. "आधी फक्त पूर्वेकडे. बर्फ एका बाजूलाच साचतो, तेव्हा कैचीला जास्त त्रास होतो."

पंधरा माणसं पूर्वेच्या पाख्यावर चढली. पट्ट्यांवर बसली, पाय खालच्या पट्टीवर टेकवले, नाटकाला बसतात तशा तीन रांगा. मग थैल्या वर दिल्या. उबेर्लिंदाने आधीच दोन भिंतींच्या मधे दोरा ताणून बांधला होता आणि प्रत्येक जोडावर पेन्सिलने रेघ मारली होती. आता ती चीजघरात गेली, बरोबर मधोमध, डोक्यावर पंधरा माणसं.

सोफानोरने तिच्याकडे पाहिलं आणि तोही आत आला. ती म्हणाली की दोघांची गरज नाही. तो म्हणाला, "मी बांधलंय. मी बाहेर उभा राहून काय करू?"

दोरा ताणलेलाच होता. रेघा जिथल्या तिथे होत्या. मग दुसऱ्या बाजूला माणसं चढू लागली. चौदा चढली आणि एक जागा रिकामी राहिली, कारण पोस्टमास्तरांना ऐनवेळी उंचीची भीती वाटली. ते उतरून मेंढ्याजवळ जाऊन उभे राहिले.

"एक कमी आहे," उबेर्लिंदा आतून ओरडली. "सत्तर किलोचं कुणीतरी पाहिजे."

बाहेर कुजबूज झाली. नंतर शिडी वाजली. उबेर्लिंदाला छपरावर कोण चढलं ते आतून दिसलं नाही, पण पट्ट्यांच्या फटीतून बहिणीचा तपकिरी गुडघाभर बूट ओळखू आला.

"एर्सिरा?"

"मी आत येणार नाही म्हटलं होतं," वरून आवाज आला. "वर येणार नाही म्हटलं नव्हतं. थैली द्या इकडे. जे पडायचं ते आत्ता माझ्यासमोर पडू दे."

थैली वर गेली. एकूण अठ्ठावीसशे किलो, किंचित वरच, कारण एर्सिराने दुसरीही थैली मागून घेतली. तळ्यावरून हलका वारा येत होता आणि मेंढ्याची चरबी निखाऱ्यावर पडून चर्र होत होती, तेवढाच आवाज.

आणि मग कडाड झालं.

कुणीतरी किंकाळी फोडली. सोफानोरचा हात आपोआप वर गेला, आडव्या तुळईला लावला गेला, जणू तो ती हाताने धरणार होता. उबेर्लिंदा जागची हलली नाही. तिने दोऱ्याकडे पाहिलं. ताठ. पहिल्या कैचीची रेघ पाहिली, दुसरीची, तिसरीची. आठही रेघा जिथे तिने मारल्या होत्या तिथेच होत्या. मग ती मान वर करून बघत फिरली आणि पश्चिमेच्या मधल्या रांगेखाली थांबली.

"रोसामेल, कुठे बसलायस?"

"इथेच," वरून बारीक आवाज आला. "म्हणजे आता थोडा खाली."

मोडली होती ती त्याच्याखालची पट्टी, अंगठ्याएवढ्या जाडीची, आणि तो दोन कैच्यांच्या मधे लोंबकळत होता, थैली अजून छातीशी धरून. सगळं छप्पर हसलं. तीस माणसांचं हसणं बसल्या जागी लाकडातून जाणवत होतं, असं नंतर मास्तरीणबाई सांगायच्या. उबेर्लिंदाने कुणाला उतरू दिलं नाही. रोसामेलला तुळईवर सरकवलं आणि पूर्ण अर्धा तास सगळ्यांना बसवून ठेवलं. बर्फ काही पाच मिनिटांनी उठून जेवायला जात नाही, म्हणाली. अर्ध्या तासानंतर दोरा नखभर सैल नव्हता की नखभर जास्त ताणला नव्हता. मग तिने हात केला आणि सगळे मेंढ्याकडे धावले.

सोफानोरने त्या संध्याकाळीच पट्ट्या बदलायचं ठरवलं. जाड घालतो आणि जवळजवळ घालतो, म्हणाला. कोण किती वजनाचा वर चढेल, काय सांगावं.

एर्सिरा सगळ्यात शेवटी उतरली. जेवताना ती सोफानोरशेजारी बसली आणि त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने बरगडीचा तुकडा वाढला. आत मात्र गेली नाही.

मार्चमध्ये पत्रा चढला. कडेच्या ओळीला सोफानोरने दुप्पट स्क्रू मारले, कारण वारा कडेपासून सोलायला सुरुवात करतो. मग तो आपल्या अकरा बांधकामांकडे वळला. प्रत्येक घरी गेला, टोपी काढली, झालेली चूक सांगितली आणि आडवी तुळई घातली. दोघांनी त्याला चार शब्द ऐकवले, एका म्हातारीने दार लावून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी उघडलं. बाकीच्यांनी माते दिला. शेवटची तुळई त्याने शाळेच्या सरपणघरात मेच्या अखेरीला ठोकली.

मोठा वारा मधेच, एप्रिलमध्ये आला. दोन दिवस आणि मधली सगळी रात्र. तळ्याचं पाणी उडून खिडक्यांवर आपटत होतं. धक्क्यावरच्या कोठारावरचा निम्मा पत्रा सुटला आणि त्यातला एक थेट चर्चच्या कुंपणात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी उबेर्लिंदा दोर कमरेला बांधून चीजघरापर्यंत गेली, दार उघडून आत शिरली आणि तुळईला हात लावून उभी राहिली. लाकूड थरथरत होतं, ओझं घेऊन उभ्या राहिलेल्या घोड्याच्या मांडीसारखं, पण कुरकुर कुठूनच नव्हती. वाऱ्यात हसू येणं तिला शोभलं नसतं, तरी ती एकटीच हसली.

जूनच्या शेवटी बर्फ सुरू झाला. यंदाही तीन दिवस, ओला, जड. चौथ्या दिवशी सकाळी उबेर्लिंदा उठली तर घरात एर्सिरा नव्हती. चुलीपाशी मिठाची पिशवीही नव्हती. तिने बाहेर पाहिलं. अंगणात गुडघाभर बर्फातून एकाच माणसाच्या पावलांची ओळ सरळ चीजघराकडे गेली होती, आणि तिथल्या धुराड्यातून धूर निघत होता.

ती मागोमाग गेली. चीजघराच्या छपरावर दोन वितींचा थर होता. आत एर्सिरा बाह्या वर करून नव्या टेबलापाशी उभी होती. आदल्या दिवशीचं दूध मोठ्या भांड्यात विरजायला लावलं होतं आणि ती लाकडी पळीने हळूहळू ढवळत होती.

"दार लाव," ती मागे न बघता म्हणाली. "थंडी आत येते. दूध काही तुझ्या काट्यावर चढून गरम होणार नाही."

उबेर्लिंदाने दार लावलं. तेवढ्यात वरचा बर्फ एकदम घसरला. आधी सरसर आवाज, मग दोन्ही बाजूंना धप्प, आणि भिंतींच्या फटींतला उजेड क्षणभर गेला. एर्सिराच्या हातातली पळी थांबली. तिने वर पाहिलं, तुळयांकडे, आठही तुळयांकडे, एकेक करत. मग पुन्हा ढवळू लागली.

"पडला वाटतं," ती म्हणाली.

"पडायलाच हवा होता. पाखं तसं उतरतं केलंय."

"हं." तिने पळी भांड्याच्या काठावर झटकली. "मला तळ्याच्या बाजूला खिडकी पाहिजे. दिवसभर इथे उभं राहायचं तर काहीतरी दिसायला पाहिजे."

ही मागणी घेऊन उबेर्लिंदा त्याच दुपारी सोफानोरकडे गेली. तो म्हणाला, त्या भिंतीत ठेपा आहे, खिडकी पाडली तर ठेपा जाईल, आणि वारा नेमका त्याच बाजूने येतो. ती म्हणाली, मग ठेप्याच्या बाजूला पाडा, लहान. तो म्हणाला, लहान म्हणजे केवढी? तिने हातांनी दाखवली. त्याने हातांनी तिच्याहून लहान दाखवली. एर्सिराला बोलावून घेतलं, तर तिने दोघांहून मोठी दाखवली. सोफानोरने पेन्सिल कानामागून काढली आणि भिंतीच्या आखणीच्या कागदावर पुन्हा ठेप्यांची रेघ ओढायला बसला.